मेलबर्नला जाल तेव्हा

आमचा धाकटा भाऊ बारा-तेरा वर्षांपासून ऑस्ट्रेलियात मेलबर्नला आहे. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघं नवरा-बायको आणि अम्मी, असे तिघं तीन आठवडे त्याच्याकडे राहून आलो. आल्यापासून ओळखीचे लोक विचारत आहेत, तिथं काय पाहायचं, खाण्यापिण्याचं काय, नमाजची सोय कशी. आपल्या मोहल्ल्यांतली बरीच मुलं आता तिकडे शिकायला, नोकरीला गेली आहेत आणि त्यांचे आई-वडील कधी ना कधी जाणारच. म्हणून जे पाहिलं ते लिहून काढतो आहोत.

खरं म्हणजे आम्ही फिरायला म्हणून गेलोच नव्हतो. अब्बांचा इंतकाल एप्रिल 2021 मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत झाला. त्या वेळी ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद होत्या. तिथल्या रहिवाशांना देश सोडायला परवानगी काढावी लागे, आणि भारतात आलेल्याला परत कधी जाता येईल याची खात्री नव्हती. धाकटा आला नाही. दफनविधीच्या वेळी आम्ही फोन उंच धरून त्याला दाखवत होतो, तेवढ्यात समोरून फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याचा फोन नाही. त्यानंतर सीमा उघडल्या, तो दोनदा येऊन गेला, पण अम्मी त्याच्याशी कामापुरतंच बोलायच्या. "जेवलास का, मुलं कशी आहेत, खुश रहा." आम्हीही मनात धरून होतो. हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं एवढंच. त्याने दरवर्षी तिकिटं काढतो म्हणायचं आणि अम्मींनी गुडघे दुखतात म्हणायचं. या वर्षी का कोण जाणे, हो म्हणाल्या.

पहिली सूचना विमानतळाची. ऑस्ट्रेलियात खाण्याच्या वस्तूंबाबत फार कडक तपासणी असते. विमानात एक कार्ड भरायला देतात, त्यावर बरोबर आणलेला प्रत्येक खाद्यपदार्थ प्रामाणिकपणे 'आहे' म्हणून लिहा. लपवलं तर मोठा दंड होतो. लिहिलं तर फार तर ती वस्तू काढून घेतात, दुसरं काही करत नाहीत. अम्मींच्या पिशवीत शेंगाची चटणी, काळा मसाला, खारीक आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला ताजा कढीपत्ता होता. तपासणाऱ्या बाईने चटणीचा वास घेतला, हसली आणि परत दिली. कढीपत्ता मात्र ठेवून घेतला. "चौदा तास जपला होता," असं अम्मी घरी पोहोचेपर्यंत तीन वेळा म्हणाल्या.

आपल्याकडे मे म्हणजे होरपळ, तिथं तो हिवाळ्याच्या तोंडाचा महिना. स्वेटर, पायमोजे आणि छत्री तिन्ही लागतात. एका दिवसात ऊन, वारा, पाऊस आणि पुन्हा ऊन, हे मेलबर्नचं वैशिष्ट्य तिथले लोकही मोठ्या कौतुकाने सांगतात. दिवस लहान असतो. मगरिब सव्वापाचलाच. त्यामुळे जोहर, असर आणि मगरिब पाच तासांत उरकतात, आणि फिरायचा बेत आखताना हे आधी लक्षात घ्यावं लागतं. आम्ही तीन आठवडे राहणार होतो म्हणून पूर्ण नमाज पढलो. कसरचा मसला ज्याने त्याने आपल्या मस्लकाप्रमाणे विचारून घ्यावा.

किब्ल्याची एक गंमत. मेलबर्नहूनही किब्ला जवळजवळ पश्चिमेलाच, किंचित उत्तरेकडे झुकलेला, म्हणजे आपल्या सोलापूरकडे आहे तसाच. पण तिथं दुपारचा सूर्य दक्षिणेला नसतो, उत्तरेला असतो. अम्मी आयुष्यभर अंगणातल्या उन्हावरून दिशा ओळखत आल्या. पहिल्या दिवशी त्यांनी खिडकीतून ऊन पाहिलं आणि मुसल्ला बरोबर उलटा अंथरला. धाकट्याने न बोलता तो फिरवून ठेवला. फोनमध्ये किब्ला बघायची सोय आहे, वापरावी.

शहरात फिरायला ट्राम. या शहराचं ट्रामचं जाळं जगात सगळ्यात मोठं आहे. मधल्या भागात ट्राम फुकट असते, तिकीट लागत नाही. त्या हद्दीच्या बाहेर गेलात की 'मायकी' नावाचं कार्ड लागतं, तेच लोकल गाडीलाही चालतं. फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनच्या दरवाजावर घड्याळांची रांग आहे. चुकामूक झाली तर त्या घड्याळांखाली भेटायचं, ही सगळ्या शहराची रीत. आमची चुकामूक झालीच आणि आम्ही तिथंच सापडलो.

स्टेशनपासून जवळच राज्य ग्रंथालय आहे. आम्ही दोघंही शिक्षक, त्यामुळे इथं जरा जास्त रेंगाळलो. 1913 साली उघडलेली तिथली आठ कोनी वाचनखोली म्हणजे एक प्रचंड घुमट आणि त्याखाली चहूबाजूंनी पसरलेली लाकडी टेबलं. आत जायला पैसे नाहीत, ओळखपत्र नाही. कुणीही यावं, बसावं, वाचावं. आपल्याकडच्या शाळांत पुस्तकांचं कपाट कुलपात आणि किल्ली रजेवर गेलेल्या बाईंकडे असते, त्याची आठवण झाली. अम्मींना वाचता येतं ते फक्त कुरआन शरीफ आणि थोडं उर्दू. त्या अर्धा तास मान वर करून घुमट पाहत बसल्या. निघताना म्हणाल्या, "इतकी माणसं आणि एवढी शांतता, जुम्म्याच्या खुतब्यालापण नसते."

खाण्याची काळजी करू नका, पण विचारायला लाजू नका. हलालचा बोर्ड बऱ्याच ठिकाणी असतो. नुसता बोर्ड न बघता दुकानदाराला विचारलं तर तो न रागावता सांगतो. मासे तळायचं तेल तेच इतर मांसालाही वापरतात का, मुलांच्या गोळ्यांमध्ये जिलेटिन कशाचं आहे, हे विचारावं. ब्रन्सविक भागातल्या सिडनी रोडवर, 19 नंबरच्या ट्रामने गेलात तर लेबनानी आणि तुर्की लोकांच्या बेकऱ्या लागतात. जातर लावलेली गरम रोटी तिथं उभ्याउभ्या खावी. डँडेनाँग उपनगरात अफगाणांचा बाजार आहे. बोलानी, मंतू आणि गाजर-मनुका घातलेला काबुली पुलाव मिळतो. पुलाव चांगला होता, पण तिखट नाही म्हणून अम्मींनी पिशवीतून शेंगाची चटणी काढली. वाढणाऱ्या अफगाण मुलानेही चिमूटभर चाखली आणि ग्लासभर पाणी प्यायला.

मशिदी पुष्कळ आहेत. मुद्दाम जाऊन पाहावी अशी न्यूपोर्टची. ग्लेन मरकट हे तिथले नामांकित वास्तुशिल्पी, ज्यांना 2002 साली प्रित्झकर पारितोषिक मिळालं, त्यांनी तिची रचना केली आहे. मिनार नाही, घुमट नाही. छतावर रंगीत काचांचे 96 कंदिलासारखे झरोके आहेत, लाल, पिवळे, हिरवे, निळे. सूर्य जसा सरकतो तसा आतल्या उजेडाचा रंग बदलत जातो. पुढची भिंत काचेची, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला आत काय चाललंय ते दिसावं, त्याच्या मनात शंका राहू नये. आम्हाला ही गोष्ट फार आवडली. बायकांसाठी जागा आहे. अम्मी आणि पत्नी तिथं असर पढल्या.

थॉर्नबरी भागात इस्लामिक म्युझियम ऑफ ऑस्ट्रेलिया आहे, 2014 मध्ये सुरू झालेलं. मुलांना घेऊन अवश्य जावं. आमचा समज होता की ऑस्ट्रेलियातले मुसलमान म्हणजे गेल्या पन्नास-साठ वर्षांत गेलेले लोक. तसं नाही. इंग्रज वस्ती करण्याच्या आधीपासून मकासरचे मुसलमान कोळी उत्तर किनाऱ्यावर समुद्रकाकड्या गोळा करायला येत. आणि एकोणिसाव्या शतकात वाळवंटातून मालाची ने-आण करायला उंट लागले, तेव्हा उंटांबरोबर अफगाण, बलुच, पंजाबी उंटवाले आणले गेले.

भावाची मुलगी सहावीत आहे. तिला शाळेत हा धडा झालेला होता, त्यामुळे तीच दादीला घेऊन रॉयल पार्कमध्ये गेली. प्राणिसंग्रहालयाजवळच्या या मोठ्या बागेत दगडांचा एक छोटा चौथरा आहे. फारसं कुणी तिकडे फिरकत नाही. 1860 च्या 20 ऑगस्टला बर्क आणि विल्स यांची मोहीम इथून निघाली. ऑस्ट्रेलिया खंड दक्षिणेकडून उत्तरेपर्यंत पार करायची मोहीम. त्यासाठीचे उंट त्याच वर्षी जूनमध्ये कराचीहून जहाजाने आणले होते. पंधरा हजार लोक निरोप द्यायला जमले होते. बर्क आणि विल्स परतीच्या वाटेवर उपासमारीने मेले. त्यांचे पुतळे झाले. उंटवाल्यांमध्ये दोस्त मुहम्मद नावाचा एक अफगाण होता. मेनिंडी गावी एका उंटाने त्याच्यावर हल्ला केला आणि त्याचा हात कायमचा निकामी झाला. तो परत गेलाच नाही. तिथंच राहिला, तिथंच मेला, गावाबाहेर त्याची कबर आहे.

मुलगी अर्धं इंग्रजी, अर्धं उर्दू असं करून हे सांगत होती. अम्मींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उसके घरकू खबर कौन दिया होंगा?"

मुलीला उत्तर माहीत नव्हतं. ती बापाकडे पाहू लागली. धाकटा पाण्याची बाटली आणायला म्हणून गाडीकडे गेला.

बाकीच्या ठिकाणांचं थोडक्यात सांगतो. क्विन व्हिक्टोरिया मार्केट 1878 पासूनचं आहे. भाजी, फळं, कपडे स्वस्त. सोमवारी आणि बुधवारी बंद असतं, आम्ही बुधवारी गेलो होतो. क्रिकेटचं मैदान एमसीजी बाहेरूनसुद्धा पाहण्यासारखं आहे. जगातला पहिला कसोटी सामना 1877 मध्ये इथं झाला, एक लाख माणसं बसतात. आत फेरी मारून आणतात, त्याचे पैसे पडतात. समुद्रकिनारा ब्रायटनचा बघा, रंगीत लाकडी खोल्यांची रांग आहे, फोटो चांगले येतात. फिलिप आयलंडवर सूर्यास्ताला पेंग्विन समुद्रातून बाहेर येतात, पण ते दीडेकशे किलोमीटर लांब आणि रात्री थंडी फार. अम्मींना घेऊन आम्ही गेलो नाही.

पफिंग बिलीला मात्र गेलो. ते सांगायचं तर थोडं मागचं सांगावं लागेल.

आम्ही मूळचे कुर्डुवाडीचे. अब्बा तिथल्या नॅरोगेजच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. बार्शी लाईट म्हणून जी गाडी जुन्या लोकांना आठवत असेल, 1897 साली सुरू झालेली, एका बाजूला बार्शी-लातूर आणि दुसरीकडे पंढरपूर-मिरज, तिची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. अम्मींचं माहेर बार्शी. लग्न होऊन त्या याच गाडीने आल्या. रुळांमधलं अंतर दोन फूट सहा इंच. आमच्या घरात कलमा आणि हे माप बरोबरच पाठ झालं, असं अब्बा गमतीने म्हणत. पुढे ती लाईन रुंद झाली, लहान गाड्या गेल्या.

मेलबर्नच्या पूर्वेला डँडेनाँगचे डोंगर आहेत. तिथं बेलग्रेव्हपासून जेमब्रूकपर्यंत वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी चालते, तीच पफिंग बिली. 1900 साली सुरू झाली. 1953 मध्ये दरड कोसळली, पुढे रेल्वेने लाईनच बंद केली. तेव्हा गावकऱ्यांनी आणि हौशी लोकांनी मिळून ती 1962 पासून पुन्हा टप्प्याटप्प्याने चालू केली. आजही तिथं बरीचशी कामं बिनपगारी स्वयंसेवक करतात. शहरातून बेलग्रेव्हपर्यंत लोकल जाते, तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. पफिंग बिलीचं तिकीट आधी काढून ठेवावं, सुट्टीच्या दिवशी मिळत नाही.

धाकट्याने नव्याने गेल्यावर या गाडीचा व्हिडिओ अब्बांना पाठवला होता. अब्बांनी लगेच फोन करून एकच प्रश्न विचारला, "गेज किती?" त्याने चौकशी करून कळवलं, दोन फूट सहा इंच. अब्बांनी ते सगळ्या मोहल्ल्याला सांगितलं. दोघांचा व्हिसा आला, एप्रिल 2020 ची तिकिटं निघाली. मार्चमध्ये सगळं बंद झालं.

आम्ही पोहोचलो तेव्हा बेलग्रेव्हला बारीक पाऊस होता. फलाटावर इंजिन उभं होतं. एक वयस्कर गोरे गृहस्थ, पांढरी दाढी, हातात तेलाचा डबा, चाकाजवळ वाकून काही करत होते. धाकट्याने त्यांना सांगितलं, की आमचे वडील हिंदुस्थानात याच मापाच्या इंजिनांचे फिटर होते. त्यांनी डबा खाली ठेवला, हात पुसले आणि सरळ अम्मींपुढे येऊन मान झुकवली. मग त्यांना इंजिनाच्या अगदी जवळ नेलं. अम्मींनी हात लावला नाही. गरम तेल, वाफ आणि ओलं लोखंड यांचा वास येत होता. आमच्या लहानपणी संध्याकाळी दाराच्या मागे अब्बांचे कपडे टांगलेले असायचे, त्यांना हाच वास होता. अम्मी ओढणीचं टोक नाकाशी धरून उभ्या राहिल्या. आम्हाला वाटलं, धूर सहन होत नसेल.

गाडी सुटली. उंचच उंच निलगिरी, त्याखाली माणसापेक्षा मोठे नेच्याचे झुपके, आणि एक लाकडी खांबांचा वळणदार पूल. डबे उघडे असतात, गार वारा लागतो, शाल हवीच. मुलं खिडकीच्या कठड्याला चिकटून होती. अम्मी इतके दिवस गप्प गप्प होत्या, त्या बोलायला लागल्या. पंढरपूरच्या यात्रेला गाडीच्या टपावर माणसं बसायची, चढ आला की पोरं उतरून गाडीबरोबर चालायची, लग्नाच्या दिवशी गाडी दोन तास उशिरा आली आणि नवरदेव स्वतःच इंजिनाला काय झालं ते बघायला उतरले. हा शेवटचा किस्सा आम्ही कधी ऐकला नव्हता. नात हसत होती. अम्मी धाकट्याकडे वळून म्हणाल्या, "तेरे अब्बा होते तो उतरनेकू तयारच नई होते." तीन आठवड्यांत त्यांनी आपण होऊन त्याच्याशी काढलेला हा पहिला विषय.

परत बेलग्रेव्हला आलो तेव्हा पाच वाजत आले होते, अंधारून आलं होतं. आम्ही त्या दिवशी त्याच्याच गाडीने आलो होतो. सगळे बसलो. धाकट्याने चावी लावली, तेव्हा पुढच्या सीटवरून अम्मींनी विचारलं, "त्या रात्री तू कुठं होतास?"

कोणती रात्र ते सांगावं लागलं नाही. आपल्याकडे रात्री नऊला मिट्टी झाली, म्हणजे तिथं दीड वाजला होता. धाकटा समोर बघत म्हणाला, "इथंच, अम्मी. याच गाडीत. मुलं झोपली होती, रडण्याचा आवाज जाईल म्हणून घरासमोर गाडीत बसलो होतो."

"फोन कुठं ठेवला होता?"

त्याने स्टिअरिंगच्या वरच्या बाजूला बोट ठेवलं. मग मागे न वळता आम्हाला म्हणाला, "भाईजान, फोन मीच बंद केला. तुम्ही खाली उतरवत होता, तेवढं बघवलं नाही. नंतर लावायची हिंमत झाली नाही."

आम्ही काही बोललो नाही. इतकी वर्षं जे धरून ठेवलं होतं, ते त्याने स्वतःच सांगून टाकल्यावर आमच्याकडे विचारायला काही उरलं नव्हतं. पत्नीने मुलांना खिडकीबाहेर काहीतरी दाखवायला सुरुवात केली.

अम्मी बराच वेळ त्या स्टिअरिंगकडे बघत होत्या. अब्बांना दवाखान्यातून परस्पर कब्रस्तानात नेलं होतं. प्लास्टिकमध्ये बांधलेले, आम्ही चार जण, चौघांच्या अंगात ते पांढरे झगे. घरी आणू दिलं नव्हतं. "मला तरी कुठं दाखवलं चेहरा," अम्मी म्हणाल्या. "मीपण नाही बघितलं. तू गाडीत बसलास, मी मोरीत बसले होते."

मग त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि लगेच म्हणाल्या, "उठा, मगरिब जाईल."

वाहनतळाच्या कडेला गवताची एक पट्टी होती, ओली. गाडीच्या मागच्या भागात प्लास्टिकचा कागद आणि दोन मुसल्ले कायम ठेवलेले असतात. तिथं फिरताना ते जवळ असावेत, बागेत किंवा मोकळ्या जागेत नमाज पढलं तर कुणी काही म्हणत नाही. फोनवर किब्ला बघायला गेलो, तर अम्मींनी मावळतीच्या उजेडाकडे पाहून आधीच दिशा दाखवली होती. वयाने आम्ही मोठे, आमच्या घरात इमामत आम्हीच करतो. त्या दिवशी धाकट्याला पुढे उभं केलं.